बुडालेल्या नावेची जत्रा

माझे वडील गंगेत गेले तेव्हा मी मायच्या पोटात होतो. आमच्याकडे गोदावरीला गंगाच म्हणतात. राज्य निजामाचं होतं. पोळ्याच्या आदल्या दिवशी, खांदमळणीला, गावातली माणसं बैलांसाठी वेसणी, गोंडे, घुंगरं आणायला पलीकडच्या बाजारात गेली आणि येताना भर पुरात नाव उलटली. बाकीच्यांची प्रेतं खालच्या गावांत काठाला लागली, वडिलांचं लागलं नाही. प्रेत मिळालं नाही तर आमच्याकडे पळसाच्या पानांचा माणूस करून त्याला अग्नी देतात. भावकीनं पानं आणून ओट्यावर ठेवलीसुद्धा. मायनं ती उचलून उकिरड्यावर टाकली. ‘‘आजून आले न्हाईत, येतील,’’ एवढंच म्हणाली आणि कपाळावरचं कुंकू तसंच ठेवलं.

गावानं आधी नावं ठेवली, मग सवय करून घेतली. हळदीकुंकवाला तिला बोलवावं की नाही, यावर बायकांत दर संक्रांतीला खल व्हायचा. काही बोलवायच्या, काही तिला येताना पाहून दार लोटून घ्यायच्या. मोठेपणी मला तिचं हे वाट बघणं खुळेपणाचं वाटे आणि तसं मी बोलूनही दाखवी. पण कुंकवावाचून माय कशी दिसेल, हे काही केल्या माझ्या डोळ्यांपुढं येत नसे.

खांदमळणीला गावातलं कुणी नदी ओलांडत नसे. दिवस कलला की ज्यांच्या घरचं माणूस गेलं त्या बायका द्रोणात दिवा ठेवून गंगेत सोडायच्या आणि एकमेकींशी न बोलता परतायच्या. भाषण नाही, हार नाही. माय काही जायची नाही. ‘‘दिवा मेलेल्याला सोडत्यात,’’ म्हणायची आणि गोठ्यात बैलांच्या खांद्यांना हळद-लोणी चोळत बसायची. ते खरं तर गड्याचं काम, पण आमच्या घरी ते तिनं कुणाला करू दिलं नाही.

बहात्तरच्या दुष्काळात गंगा पार आटली आणि वाळूतून त्या नावेच्या फळ्या वर आल्या. खडी फोडायच्या कामावरची माणसं सुटी झाली की बघायला यायची. पोटात कामावर मिळणाऱ्या सरकारी सुकडीशिवाय काही नाही, पण गर्दी मात्र मावेना. गावातल्या एका आडत दुकानदारानं भोवती बांबू रोवून सुतळी बांधली. सुतळीबाहेर नारळवाला बसला, त्याच्या शेजारी ताईतवाला. त्या नावेचं लाकूड ताइतात घालून गळ्यात बांधलं की माणूस पाण्यात बुडत नाही म्हणे! ज्या लाकडानं एवढी माणसं बुडवली ते तारणार कसं, हे विचारायचं कुणाला सुचलं नाही. आणि पुढच्या काही वर्षांत त्या एका नावेतून जेवढं लाकूड निघालं, तेवढं आमच्या शिवारातल्या सगळ्या बाभळी तोडूनही निघालं नसतं.

दुष्काळ सरला, फळ्या पुन्हा पाण्याखाली गेल्या, जत्रा मात्र वरच राहिली. स्मृती समिती झाली, आडत दुकानदार अध्यक्ष झाला. खांदमळणीला पाळणे यायला लागले, भज्यांच्या कढया चढल्या, कर्णा सकाळपासून बोंबलायला लागला. द्रोण आता दुकानात वात-तेलासकट तयार मिळायचे. एका पुढाऱ्यानं तर भाषणात नावेतली माणसं निजामाविरुद्ध सत्याग्रहाला निघाली होती, असं ठोकून दिलं. मायला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, ‘‘येसण आणाया गेले व्हते. म्हणं सत्याग्रह!’’

चौथ्या की पाचव्या वर्षी अध्यक्ष घरी आले.

‘‘मावशी, आवंदा परभणीहून मोठे पाव्हणे येयलेत. तुमी स्टेजवर बसायचं. मालकाच्या फोटूला हार घालायचा.’’

‘‘फोटू कुठंय त्यांचा? कवा काढलाच न्हाई.’’

‘‘त्ये आमी बघतो.’’

‘‘मी हार घालणार न्हाई. जित्या माणसाला हार घालत्यात व्हय?’’

अध्यक्ष हसले. ‘‘बरं, पाव्हणे घालतील. तुमी नुस्त्या बसा.’’

मी मध्ये पडलो, तर मलाच ऐकावं लागलं, ‘‘गुर्जी, गावाचं भलं व्हायलंय, आडवं येऊ नका.’’ मी गावातल्याच शाळेत मास्तर आणि आमचे हेडमास्तर समितीचे चिटणीस. मला राग गिळावा लागला. मायला मी सांगितलं, तू जाऊच नकोस. ती म्हणाली, ‘‘मी न्हाई गेले तर माझ्यामागं काय करतील, कुणी सांगावं?’’ आणि धुतलेलं लुगडं नेसून, रोजच्यापेक्षा ठसठशीत कुंकू लावून गेली.

मी गर्दीत मागं उभा होतो. पाहुण्यांनी दोरी ओढली, पडदा सरकला आणि मला मीच दिसलो. डोक्यावर फेटा, ओठांवर मला कधीच न शोभणाऱ्या मिशा, पण तोंड माझंच. पाचवीत असताना विहिरीवर मोटेचं पाणी पडतं त्या दगडी थारोळ्यात पडून डाव्या भुवईवर खोक पडली होती, तीसुद्धा चित्र रंगवणाऱ्या पेंटरनं इमानानं काढली होती. शाळेच्या भिंतीवरचा आम्हा मास्तरांचा फोटो हेडमास्तरांनी त्याला दिला होता, हे नंतर कळलं. ‘‘बाप-लेकाचं तोंड सारखंच असतंय की,’’ पेंटर मला म्हणाला. त्याचं काही चुकलंय असं त्याला शेवटपर्यंत वाटलं नाही.

पाहुण्यांनी हार उचलला. मी ‘थांबा, थांबा’ म्हणून ओरडलो. कर्ण्यापुढं माझा आवाज मलाच ऐकू येईना. रेटत पुढं निघालो तर बिल्ला लावलेल्या दोघांनी मला धरलं. बापाची आठवण अनावर झाली असं त्यांना वाटलं. ‘‘धीर धरा गुर्जी, धीर धरा,’’ म्हणत ते माझी पाठ चोळायला लागले. तेवढ्यात फोटोला हार पडला.

मायनं फोटोकडं पाहिलं. तिनं मला ओळखलं हे मला तिच्या चेहऱ्यावर दिसलं. जिवंत लेकाच्या गळ्यात मेलेल्याचा हार पडला होता आणि तो आता कुणी काढणार नव्हतं. ती उठली, फोटोपाशी गेली आणि पदरानं कपाळ पुसलं. एकदा पुसलं, मग घासून पुसलं. कुणीतरी माईक तिच्या तोंडाशी धरला.

‘‘हे माझे मालकच हायेत,’’ ती म्हणाली. ‘‘गेले त्ये. हार त्यांलाच हाय. दुसऱ्या कुणाला न्हाई.’’

तो हार माझ्यावरून उतरवायचा तर कुणाला तरी मारणं भाग होतं. इतकी वर्षं जपलेला माणूस तिनं चारचौघांत दिला. लोकांना वाटलं, अखेर बाई शहाणी झाली. बायका रडल्या, पाहुण्यांनी रुमाल काढला, टाळ्यासुद्धा पडल्या. निवेदक म्हणाला की असं दुःख पाहायला भाग्य लागतं. ताईत त्या दिवशी दुपारीच संपले. पुढं त्या फोटोची कॅलेंडरं निघाली आणि न्हाव्याच्या दुकानात बसलं की आरशात एक मी आणि भिंतीवर एक मी, असं व्हायला लागलं. माझ्या हातून काहीच झालं नाही, आणि काय करता आलं असतं, तेही मला अजून कळलेलं नाही.

त्या दिवशी घरी आलो तर बैल तसेच उभे होते. हळद-लोण्याची वाटी भरलेली होती, माय चुलीपुढं बसली होती. कपाळ घासून लाल झालं होतं. मी म्हणालो, ‘‘माय, त्यो फोटू माझा हाय. तुलाबी म्हाईत हाय. लाव कुकू परत.’’

‘‘एकदा पुसलं त्ये पुसलं,’’ ती म्हणाली. मग बराच वेळ माझ्या तोंडाकडं बघत राहिली.

‘‘त्यांचं नाक कसं व्हतं, आठवंना बघ. सकाळपत्तुर आठवत व्हतं. आता डोळे मिटले की तूच दिसायलास, फेटा बांधून.’’