आत्या बोलायला उभी राहिली

आमच्या आत्याला चारचौघांत बोलता येत नाही, असं म्हणणाऱ्यांनी तिला कापडाच्या कारखान्यात मागावर कधी पाहिलेलं नाही.

सख्खा भाचा मी एकटाच, पण सगळी शेड तिला आत्या म्हणे. सकाळचं ऊन छपराच्या काचांतून खाली उतरायचं आणि त्यात कापसाचे तंतू तरंगत राहायचे, सावकाश, पाण्याखाली असल्यासारखे. माग मात्र असे खडखडत की आपलं खोकणं आपल्यालाच कळू नये. त्या गदारोळात बायका दिवसभर गप्पा मारत. आवाज न काढता, नुसत्या ओठांनी. समोरचीनं त्या डोळ्यांनी ऐकायच्या. आत्याची रीत अशी, की समोरचीची नजर आपल्या नजरेला मिळाल्याशिवाय ओठ हलवायचे नाहीत. मग बोलायचं ते मोजकं, ताटात एकेक पदार्थ वाढावा तसं. अगदी टोकाच्या मागावरची बाईसुद्धा तिचं बोलणं पोटभर ऐके.

शेडला लागून पाळण्यांची खोली होती आणि मधल्या भिंतीला मोठी काच. तिथं आत्याची नात झोपायची. मागावर उभ्या उभ्या ती आत्याला दिसे, शेजारच्या मागावरच्या सुनेलाही दिसे. मग मालकांच्या मनात आलं की त्या खोलीत सुताचे गठ्ठे ठेवावेत आणि पाळणे अंगणापलीकडं न्यावेत.

"तिकडं शांत आहे. पोरं छान झोपतील," मॅनेजर म्हणाले. कुणाला काही सांगायचं असेल, तर सुट्टीच्या दिवशी शेडमध्येच सभा ठेवली होती.

बायकांनी आत्याला पुढं केलं.

"मला नाही बाई जमायचं," आत्या म्हणाली.

"आई, मला घरी जेवढं ऐकवता ना, त्याच्या पाव हिस्सा ऐकवा," सून म्हणाली. "मालक कारखाना सोडून जातील."

सभेला माग बंद होते. शेड अशी गप्प झालेली आत्यानं जन्मात पाहिली नव्हती. तंतू जमिनीला टेकतील तेही ऐकू येईल असं वाटत होतं. ती लाकडी खोक्यावर चढली, माईकपुढं उभी राहिली आणि थांबली. एकेकीची नजर येईपर्यंत थांबली. मग बोलू लागली.

मागच्या रांगेपर्यंत माना डोलल्या. कुणी हसलं, कुणी पदरानं डोळे टिपले. मालक मात्र मॅनेजरकडं कलले. "सुरू केलं का त्यांनी?"

"निम्मं झालंसुद्धा, मालक," सून म्हणाली.

"अरे, तो माईक बघा जरा," मॅनेजर म्हणाले.

"माईकला काय धाड भरलीय? आम्हाला सगळं कळलं," सुताच्या कांड्या भरणारी एकजण मागून म्हणाली, आणि शेडभर हशा उसळला.

तेव्हा कुठं आत्याच्या ध्यानात आलं, आवाज काढायचाच राहिला. या छपराखाली बोलायचं म्हणजे ओठांनीच, हे तिच्या हाडीमांसी भिनलेलं. तिचे कान लाल झाले. ती खोक्यावरून उतरली. वाटलं, आता बसणार. पण ती सरळ मालकांच्या खुर्चीपुढं जाऊन उभी राहिली. मालक कागद चाळत होते. ती वाट पाहत राहिली. त्यांनी वर पाहिलं तेव्हा बोलली, या वेळी आवाजानं.

"मालक, माग चालू असताना पोर रडलं तर मला ऐकू येत नाही. मला ते दिसतं. काच आहे म्हणून दिसतं. अंगणापलीकडं नेलंत तर ते तिकडं रडत राहील, आणि मी इथं हसत गप्पा मारत असेन."

अजून सांगण्यासारखं पुष्कळ होतं. ती बोलली नाही, आणि नजरही हलवली नाही.

मालकांनी मान वळवून काचेकडं पाहिलं. पलीकडं रिकाम्या पाळण्यांवर ऊन पडलं होतं. बराच वेळ ते तसेच पाहत राहिले, झोपेतून उठलेल्या माणसासारखे.

"पाळणे राहू द्या," ते म्हणाले.

"पण साहेब, सूत अंगणापलीकडं ठेवलं तर रोज वाहून आणायला माणसं लागतील," मॅनेजर म्हणाले.

"मग माझ्या ऑफिसात ठेवा."

ऑफिसात गठ्ठे छताला टेकले. मालक गठ्ठ्यांमधून आडवे होऊन खुर्ची गाठत, आणि बाहेर येत तेव्हा खांद्यावर कापूस असे. काचेपलीकडं आत्याची नात जागी व्हायची, तोंड वासायची, आणि तिचं रडं पुरतं वर येण्याआधी दोघींपैकी एकीचा माग थांबलेला असायचा.