बेटावरच्या झुडपाला रोज पाणी

परवा नर्सरीत एका कुंडीतलं पान चुरगळलं आणि तोच कापरासारखा वास आला, टार्निट या आमच्या उपनगरातल्या लॉकडाऊनमधला. आई पुण्यात वारली तेव्हा विमानं बंद होती, अंत्यविधी मी फोनवर पाहिला. त्या संध्याकाळी मैत्रीण धावत आली, मला जवळ घेऊन दारातच बसली, आणि दहा मिनिटांत पोलीस हजर. तिला परत पाठवलं. शेजारीण कुंपणापलीकडून म्हणाली, "मीच फोन केला. रूल्स आर रूल्स, लव्ह." पुढे निर्बंध सैल झाल्यावर ती मुलीकडे पर्थला गेली आणि राज्यांमधली बॉर्डर बंद झाल्यामुळे तिथेच अडकली. मग तिचा फोन आला, "माझ्या झुडपाकडे बघशील? जगात फक्त चार-पाच बेटांवर उगवतं ते. पाणी महिन्यातून एकदाच घाल, नाहीतर मुळं कुजतात." मी म्हटलं, "नो वरीज," आणि दुसऱ्या दिवसापासून रोज सकाळी बादलीभर पाणी ओतू लागले. बारा महिने हिरवं राहणारं ते झुडूप आधी पिवळं पडलं, मग त्याची जाड, चकचकीत, कापराच्या वासाची पानं गळाली, शेवटी नुसत्या काटक्या उरल्या. ती परतली तेव्हा मी भोळा चेहरा करून म्हटलं, "आम्ही तुळशीला रोज पाणी घालतो ना, तसंच घातलं!" तिचे डोळे भरून आले. "माझ्यासाठी रोज येत होतीस?" म्हणत तिने मला घट्ट मिठी मारली. परवा त्या कुंडीपाशी मी बराच वेळ पश्चात्तापाची वाट बघत उभी राहिले. आला नाही.