खोलीची शांतता

सगळे त्याला कानसेन म्हणत. तो गायला लागला असता तर ऐकणाऱ्यांनी पळ काढला असता. पण पंखा कुठे करकरतोय, कुणाच्या बुटाचा तळ सुटलाय, हे तो डोळे मिटून सांगे. सभा-समारंभांना माईक लावून पोट भरायचं आणि उरल्या वेळात एका दिग्दर्शिकाबाईंच्या माहितीपटांसाठी ध्वनिमुद्रण करायचं, म्हणजे घरचं खाऊन लष्कराच्या भाकऱ्या भाजायच्या, असा त्याचा संसार. तोही बायकोच्या थोरल्या भावाच्या, दादाच्या, मागच्या खोलीत.

दादा रंगाच्या कारखान्यात होता. तिथे टाकी फुटून तीन कामगार गेले आणि चौकशीत ठपका मेलेल्यांवरच आला. बाई त्यावर चित्रपट करायला निघाल्या, तेव्हा तोंड उघडायला एकटा दादाच तयार झाला.

"माझं नाव नको, तोंड नको, आवाजही नको," तो म्हणाला. "नोकरी गेली तर घरही जाईल. घर कंपनीचं आहे."

म्हणून पडद्यावर त्याची नुसती काळी आकृती ठेवली आणि त्याचे शब्द दुसऱ्याकडून वदवून घेतले. पण ते शब्द कोरडे वाटायला लागले. मुलाखतीनंतर सगळ्यांनी श्वास रोखून बसायचं आणि रिकाम्या खोलीचा आवाज मिनिटभर टिपायचा, ही या धंद्याची रीत. कानसेनने दादाच्या खोलीची ती शांतता शब्दांखाली अंथरली आणि सगळं एकत्र मिसळून टाकलं. दृश्य जिवंत झालं. बाईंनी पाठ थोपटली. तो महिनाभर हवेत होता.

सहा महिने खेटे घातल्यावर चित्रपट दाखवायला कामगारांच्या वस्तीतलं सभागृह मिळालं. खेळाच्या दिवशी चाचणीला यंत्र चालवणारा हसत म्हणाला, "हे कुणाचं घड्याळ? भर दुपारचं ऊन खिडकीत आणि टोले सात!"

कानसेनने तो तुकडा पुन्हा लावून ऐकला. पंचवीस वर्षांच्या नोकरीबद्दल कंपनीने दादाला दिलेलं ते घड्याळ, जे कुठल्याही तासाला सातच वाजवायचं. भिंतीपलीकडून रोज ऐकून ऐकून त्याचे कान त्या टोल्यांना मेले होते. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

"बाई, खेळ पुढे ढकला."

"लोक दारात उभे आहेत. आज नाही झाला तर हे सभागृह पुन्हा मिळत नाही."

"मग टोले पडतात ते वाक्य आलं की मी आवाज उतरवतो."

"टाकीची झडप बिघडल्याचं महिनाभर आधी लिहून दिलं होतं, हे त्याच वाक्यात आहे. ते गेलं तर उरलं काय?" बाई थकून म्हणाल्या. "पण घर तुमचं. तू ठरव."

सभागृह भरलं. दुसऱ्या रांगेत कारखान्याचा कामगार अधिकारी वही घेऊन बसला होता. कानसेनची बोटं आवाजाच्या खटक्यावर होती. काळी आकृती पडद्यावर आली, त्याने खटका खाली ओढला. आकृती मुकी झाली.

"आवाज! आवाज!" लोक ओरडू लागले. कानसेन हलला नाही. त्याला बायको दिसत होती, रस्त्यावर काढलेलं सामान दिसत होतं. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, अशी गत.

मग मधल्या रांगेतून एकजण उठला. दादाच. ज्या वाक्यासाठी त्याने एवढी जोखीम घेतली, तेच गिळलं जाणार होतं. घड्याळाचं त्याला कुणी सांगितलंच नव्हतं.

"अरे, वाढवा की आवाज! लोकांना कळू दे!"

कानसेनने खटका वर केला.

"...झडप बिघडल्याचं आम्ही लिहून दिलं होतं," आकृती म्हणाली, आणि तिच्यामागे टोले पडू लागले. चौथ्याला कुणीतरी खुदकन हसलं. सातव्याला अख्खी मागची रांग हसली. त्या घड्याळावरून वस्तीत दादाची रोज थट्टा व्हायची. मग दुसऱ्या रांगेकडे लक्ष गेलं आणि एकदम सगळे गप्प झाले.

अधिकाऱ्याने मागे वळून विचारलं, "काय हो, हसलात कशाला? आम्हालाही सांगा की."

कुणीच बोललं नाही. दादा अजून उभाच होता.