फरमावशीचा न दिसणारा टाका

फरमावशी फर दिसली की आधी तिच्यावर फुंकर मारायची. ती कुणाची आहे, आपण कुठं आहोत, काही बघायची नाही. चर्चमधल्या एका लग्नात पुण्याहून आलेल्या बाईंच्या खांद्याला पांढरी केसाळ पर्स होती. मावशी मागून गेली, वाकली आणि फू केलं. केस दोन्हीकडं पडले आणि मधलं कापड उघडं पडलं. "टक्कल हाय हिला," मावशी मोठ्यानं म्हणाली. त्या बाई आपलंच डोकं चाचपायला लागल्या.

नगरमधल्या सावेडीत एका बंगल्यामागं दोन खोल्या होत्या. एकीत मावशी, दुसरीत मी. तिचं अर्धं आयुष्य टेडी बेअर शिवणाऱ्या कारखान्यात गेलेलं. तो बंद पडला तेव्हा तिनं घरीच कॉलर, मफलर, पर्स शिवायला घेतल्या. फर सगळी खोटी. कुणी विचारलं, कोणत्या जनावराची, तर म्हणायची, "सुरतच्या गिरणीतल्या." नगरच्या उन्हात असलं कोण घालणार? गिऱ्हाईक सगळं दिल्ली-डेहराडूनकडचं. काम चालू असलं की एप्रिलातसुद्धा पंखा बंद, कारण लव उडते. मी कुरकुरले की म्हणायची, "घाम पुसता येतो. डोळ्यात लव गेली म्हंजी कळंल."

माझी शाळा आठवीतच सुटली. लग्न होऊन संगमनेरकडच्या खेड्यातून सावेडीत आले तेव्हा रिक्षावाल्याला पत्ता सांगतानाही अडखळायचे. नवरा शिर्डीला हॉटेलात आचारी, आठवड्यातून एकदा यायचा. मावशीनं माझ्याकडचा मोबाईल बघितला आणि म्हणाली, "शिवनार मी, फोटू तू टाकायचं. दोघी मालकिनी." मला कुणी मालकीण म्हणेल असं वाटलं नव्हतं. तो उपकार मी विसरलेले नाही. म्हणून तर पुढचं लिहिताना स्वतःचाच संताप होतो.

तिनं मला शिवायलाही शिकवलं, पण शिव्या देत. मी फरला कात्री लावली तर ओरडली, "न्हावी हाय का तू?" फर उलटी पालथी घालायची, मागच्या कापडावर ब्लेडनं हलकी रेघ ओढायची, केसाला धक्का लागता कामा नये. लव कुठल्या बाजूला निजते ते हात फिरवून बघायचं, दोन्ही तुकड्यांची लव एकाच बाजूला निजली पाहिजे. शिवून झालं की शिवणीत अडकलेला एकेक केस सुईच्या टोकानं बाहेर काढायचा. एका कॉलरला सबंध दुपार जायची. मग ती मला डोळे मिटायला लावून म्हणायची, "घाल हात. सांग जोड कुठं हाय." मला कधी सापडला नाही.

आणि अशीच एक कॉलर मागवलेल्या दिल्लीच्या बाईनं तिच्या फोटोखाली सगळ्यांना दिसेल असं लिहिलं: 'ही हाताची नाही. एकही टाका दिसत नाही. कारखान्याचा माल हाताचा म्हणून खपवतात. फसवणूक.' मी मावशीला वाचून दाखवलं. आधी ती खुश झाली. "एकबी टाका दिसत न्हाई म्हनली? मग बक्षीस द्यायचं सोडून शिव्या का देती?" मग तिला अर्थ लागला. तिनं हातातलं ब्लेड खाली ठेवलं. त्या बाईनं फुंकर मारली नाही, अस्तर उसवलं नाही, लवेवरून हात फिरवला नाही. नुसतं बघितलं आणि एका म्हातारीला चोर ठरवलं. मला आजही तिचा गळा धरावासा वाटतो.

त्यानंतर चौकशा थांबल्या. मी घाबरले. असंच काही विकणाऱ्या पुण्याच्या एका ताईंना फोन केला. त्या हसल्या. म्हणाल्या, "अगं, जाड दोऱ्याचे चार वाकडे टाके वरून घाल. लोकांना हात दिसायला हवा." मी मावशीला विचारलं. ती म्हणाली, "व्हय का? मग मुंडकं बी वाकडं लावून बसते, लोक म्हनतील लई हातानं करती."

तरी मी केलं. मावशीनं पूर्ण केलेल्या पांढऱ्या मफलरवर, पाठवायच्या आधी, लाल दोऱ्यानं सहा वाकडे टाके घातले. तो डेहराडूनला गेला. तिथल्या बाईनं कौतुकानं लिहिलं की या टाक्यांत आजीच्या हाताची ऊब आहे. सोबत फोटो. मावशीनं फोटो मोठा करून घेतला आणि कितीतरी वेळ बघत राहिली.

"ह्ये कुनी केलं?"

मी लाल दोऱ्याचं रीळ पदराखाली सरकवलं.

"माझा हात अजून कापत न्हाई, पोरी. तू कापायला लावलास." आवाज चढवला असता तर बरं झालं असतं. "तिला लिही. म्हनावं, ते टाकं माझं न्हाईत. उसवून टाक."

मी हो म्हटलं. लिहिलं नाही. कौतुक पुसलं जाईल, पुन्हा चौकशा थांबतील, या भीतीनं नाही लिहिलं. दोन दिवसांनी तिनं विचारलं, "लिव्हलं का?" मी म्हटलं, "लिहिलं." ती म्हणाली, "बरं झालं," आणि पुन्हा मला शेजारी बसवून घेतलं.

पुढं नवऱ्याला सोलनच्या हॉटेलात काम लागलं आणि आम्ही इकडं हिमाचलात आलो. इथं बाजारात दुकानादुकानांत फरच्या टोप्या टांगलेल्या असतात, वरून जाड, मुद्दाम वाकडे टाके घातलेल्या, आणि गिऱ्हाईक त्याच टाक्यांवरून बोट फिरवून खुश होतं. माझं डोकं फिरतं. पण परक्या मुलखात बोलायची अजून भीती वाटते.

गेल्या नाताळाआधी मावशी गेली. तिच्या भाच्याचा फोन आला, मला जाता आलं नाही. त्या आठवड्यात मी डेहराडूनच्या बाईंना मोडक्या हिंदीत सगळं लिहिलं. ते टाके मावशीचे नाहीत, मी घाबरून घातलेत, आतली गाठ कापली की निघतील, खाली मावशीची शिवण शाबूत आहे. त्यांचं उत्तर आलं: 'राहू दे, मला तेच सर्वात आवडतात.'

मी पुन्हा लिहिलं, "ताई, ती गेली. तिचं एवढंच मागणं होतं. उसवा."

त्यांनी लाल बदाम पाठवला.