मास्तरांचं शेवटचं गिऱ्हाईक

माझ्या सासऱ्यांना कुणी नावाने हाक मारलेली मी कधी ऐकली नाही. एका टेलरच्या दुकानात त्यांनी बेचाळीस वर्षं कापड कापलं. शिवलं नाही, नुसतं कापलं. म्हणून ते मास्तर. दुकान बंद पडलं, मालक वारला, तरी मास्तर ते मास्तरच राहिले. मी तोंडावर त्यांना बाबा म्हणायचे आणि मनात मास्तर, तेही बऱ्याचदा दातओठ खाऊन.

कारण नाकावर राग आणि जिभेला धार. माझा नवरा नवा तयार शर्ट घालून जेवायला बसला की मास्तर त्याच्या खांद्यावरची शिवण चिमटीत धरून विचारत, "हा खांदा कुणाचा?"

"माझा," नवरा म्हणे.

"तुझा नाही. कारखान्याचा आहे. तू त्यात भाड्याने राहतोस."

झालं, जेवणावरची वासना उडायची. पण त्यांचं दुखणं खरं होतं, हे मला आता कबूल करायला हवं. त्यांच्याकडे येणाऱ्यांपैकी कुणाचा एक खांदा पडलेला असे, कुणाला पोक असे, कुणाचा एक हात बोटभर आखूड. मास्तर टेप लावत, एक अक्षर बोलत नसत आणि कापड असं कापत, की कोट अंगात गेला की माणूस सरळ दिसे. "अगदी सरळ माणूस मी अजून मापलेला नाही," असं ते म्हणत. मग आकडे लावलेले तयार कपडे आले आणि लोक आपणहून त्या आकड्यांत शिरायला लागले. दुकानाला कुलूप लागलं त्या दिवशी मास्तर तीन वस्तू घरी घेऊन आले: कापायचं लांब टेबल, लाकडी पट्टी आणि कात्री. त्या टेबलाने आमची मागची अर्धी खोली गिळली. मी महिनाभर धुसफुसत होते.

चिंधी आली ती त्याच वर्षी. नवऱ्याच्या ऑफिसातल्या एका बाईंची पांढरी, कुरळ्या केसांची पूडल कुत्री फाटकाखालून निसटली होती आणि गल्लीतल्या कुठल्याशा तांबड्या कुत्र्याची पिल्लं घेऊन बसली होती. बाईंना ती पिल्लं डोळ्यांसमोर नको होती. "सगळ्या ब्रीडचं वाटोळं झालं," असं म्हणत त्यांनी त्यातलं एक खोक्यात घालून नवऱ्याच्या गळ्यात मारलं.

मास्तरांनी खोक्यात डोकावून पाहिलं. पाठीवर तांबूस, सरळ, राठ केस. कानांना नि पोटाला पांढरी कुरळी लोकर. एक पाय पांढरा, तीन तपकिरी.

"हे काय, टेबलाखालचे तुकडे गोळा करून आणलेस?" ते म्हणाले आणि त्यांनीच नाव ठेवलं, चिंधी.

तसा त्यांना मिक्स कापडाचाही राग होता. पण एक ते मान्य करायचे, की अशा कापडाला कात्री लावण्याआधी हात लावून विचारावं लागतं. लव कुठल्या बाजूला पडते, ओढ कुठे आहे. शुद्ध सुती, शुद्ध लोकरी, त्यांचं सगळं पाठ असतं. मिक्सचं प्रत्येक ताग्याला नव्याने शिकायचं. चिंधीचे केस डोळ्यांवर यायला लागले तेव्हा एका रविवारी त्यांनी तिला टेबलावर घेतलं आणि तासभर नुसता हात फिरवत बसले. कात्री लावलीच नाही. दुसऱ्या रविवारी लावली.

पुढे नऊ वर्षं हे चाललं. महिन्यातून एकदा मास्तर टेबलावर जुनी चादर अंथरत आणि हवेतच दोनदा कात्री वाजवत. खच्च, खच्च. चिंधी घरात कुठेही असो, झोपलेली असो नाहीतर बशीत तोंड घालून बसलेली असो, नखं वाजवत मागच्या खोलीत पळायची. स्टुलावरून टेबलावर चढायची, लाकडी पट्टीवर हनुवटी टेकायची आणि पाचव्या मिनिटाला घोरायला लागायची. पाठीवरची लव खालून वर जाते म्हणून तिथे कात्री आडवी, पोटाला सरळ, कानांना नुसतं टोक. मास्तर तिच्याशी बोलत नसत. गिऱ्हाइकाशी बोलायची त्यांना कधी सवयच नव्हती.

मी मात्र बोलायचे, आणि खोटं बोलायचे. आमच्या जिन्यावर जातिवंत कुत्री पाळणारे दोघेतिघे आहेत. त्यांच्यापैकी कुणी विचारलं, "कुठलं ब्रीड?" की मी बेधडक सांगायचे, "पूडल." समोरचा चिंधीच्या तांबड्या पाठीकडे बघायचा. "त्यातला वेगळा प्रकार आहे," असं म्हणून मी पायऱ्या उतरायला लागायचे. एकदा मास्तर मागेच होते.

"तिच्या आईने चौकशी केली नव्हती," ते म्हणाले. "तू कशाला लाजतेस?"

अशा मिसळीच्या कुत्र्यांबद्दल लोक फार छातीठोक बोलतात. ती चिवट असतात, हुशार असतात, बेभरवशाची असतात, उलटतात. मी नऊ वर्षं एक पाळली आणि मला एवढंच कळलं, की चिंधी चिंधीसारखी होती. पण हे शहाणपण मला तेव्हा नव्हतं. तेव्हा मला लाज वाटायची आणि ती मी कमी लेखत नाही, कारण पुढचं सगळं तिच्यातूनच झालं.

गेल्या वर्षी मास्तरांचा उजवा हात थरथरायला लागला. आधी चहा बशीत सांडायला लागला, मग सही बदलली. मी रक्ततपासणीच्या लॅबमध्ये काम करते. सकाळपासून दुपारपर्यंत लोकांच्या शिरा शोधते आणि सुई टोचते. हाताचं मला कळतं, असा माझा तोरा. या हातात कात्री नको, असं मी नवऱ्याला दोनदा सांगितलं होतं. आणि एका रविवारी चिंधीच्या कानाच्या कडेला कात्री लागली. चादरीवर रक्ताचे चार थेंब पडले. चिंधी उठलीसुद्धा नाही. डोळे उघडून तिने मास्तरांचा हात चाटला आणि परत पट्टीवर हनुवटी ठेवली.

मी कात्री काढून घेतली. त्यांच्या हातातून, सरळ. "बाबा, आता पुरे. जनावराचा जीव आहे, कापड नाही."

ते माझ्याकडे बघत राहिले. मला वाटलं, आता तोफ डागतील.  त्यांनी कापसाने चिंधीचा कान दाबून धरला, एवढंच. कात्री मी माझ्या कपाटात ठेवली आणि कपाटाला कुलूप लावलं. बेचाळीस वर्षं वापरलेली ती कात्री मी लहान पोराकडून काडेपेटी काढून घ्यावी तशी काढून घेतली.

चार महिन्यांत चिंधीच्या अंगावर जटा झाल्या. मी तिच्यासाठी सलून शोधलं. काचेचं दार, आत सुवास, भिंतीवर एक भलामोठा तक्ता. तक्त्यात तीस कुत्र्यांचे फोटो, प्रत्येकाखाली ब्रीडचं नाव आणि त्याचा ठरलेला कट. मास्तर त्या तक्त्यासमोर हात मागे बांधून उभे राहिले.

"यात आपली नाही," ते म्हणाले.

काउंटरवरच्या मुलीने माझ्यापुढे फॉर्म सरकवला. ब्रीडच्या चौकटी होत्या. मिक्स अशीही एक होती, अगदी खाली, आणि तिच्यापुढे लिहिलं होतं की परिणामाची जबाबदारी आमची नाही. शेजारी एक बाई मांडीवर चकचकीत कुत्रं घेऊन बसली होती आणि माझ्या पेनाकडे बघत होती. मी पूडलच्या चौकटीत खूण केली.

मास्तर त्या मुलीला सांगत होते, "जो कापणार आहे त्याला सांगा, आधी हात फिरवून बघ. पाठीवरची लव उलटी आहे."

"काका, मशीनला सगळं सारखंच असतं," ती हसून म्हणाली. "तीन तासांनी या."

मास्तरांना तिथेच बसायचं होतं. मला लॅबमध्ये जायचं होतं आणि त्यांना एकट्याला तिथे सोडायचं नव्हतं, म्हणून मी त्यांना दंडाला धरून बाहेर काढलं. चिंधीला आत नेताना तिने दोनदा मागे वळून पाहिलं. "सवय होईल," मी म्हणाले.

तीन तासांनी जे बाहेर आणलं ते बघून माझ्या डोक्यात तिडीक गेली. पाठ कातडीपर्यंत भादरलेली. पायांना गोंडे, शेपटीला गोंडा. पोटावर लालभडक चट्टे. दोन नखांतून रक्त आलेलं. नाकावर पट्ट्याचा वळ. आणि ज्या कानाला मास्तरांची कात्री लागली होती त्याच कानाला एक गुलाबी फीत घट्ट बांधलेली. चिंधी उभी थरथरत होती. मास्तरांकडे बघून तिने शेपूटसुद्धा हलवलं नाही. तिथेच तिच्या पायांखाली ओलं झालं.

मी आरडाओरडा केला. मला तो चांगला जमतो. आतून कापणारा बाहेर आला. काळा एप्रन, कानात बाळी, चेहऱ्यावर जांभई.

"मॅडम, फार त्रास दिला हिने. तोंड बांधावं लागलं. क्रॉस ब्रीडचं असंच असतं, काही भरवसा नाही. जातिवंत कुत्री कशी गुमान उभी राहतात."

"ती माझ्या टेबलावर झोपते," मास्तर म्हणाले.

त्याने ऐकलं न ऐकल्यासारखं केलं. मास्तर खाली बसले आणि चिंधीच्या पाठीवरून हात फिरवायला गेले. ती दचकून मागे सरली. त्यांनी हात तसाच हवेत धरला.  मग सावकाश उठले.

"आमच्या दुकानात कापड बिघडलं, तर आम्ही गिऱ्हाइकाला तसं सांगायचो आणि नवीन कापड आणून द्यायचो," ते त्याला म्हणाले. आवाज चढवला नाही. "तू नवीन काही देऊ नकोस. फक्त म्हण, माझ्या हातून बिघडलं. मग आम्ही जातो."

"बिघडलेलं काही नाहीये काका. कुत्रंच तसं आहे." त्याने काउंटरवरचा माझा फॉर्म उचलला आणि बोट ठेवलं. "हे बघा. पूडल. खूण कुणी केली? पूडलची कातडी हे सोसते. हिची नाही सोसली, म्हणजे ही पूडल नाहीच. खोटं तुम्ही लिहायचं आणि बोल आम्हाला लावायचा?"

 मास्तरांनी चष्मा वर करून फॉर्म वाचला. मला वाटलं, आता काहीतरी खरमरीत ऐकवतील. मी त्याची वाटच बघत होते.  पण वाकून त्यांनी चिंधीच्या कानाची फीत सोडायला घेतली. बोटं थरथरत असल्याने गाठ सुटेना. शेवटी सुटली. काउंटरवरच्या मुलीने मला पुढच्या आंघोळीसाठी सवलतीचं कूपन दिलं आणि म्हणाली, "केस काय, परत येतील."

केस आले. चार महिने लागले. पोटाची लोकर पूर्वीसारखी आली, पाठीचे केस विरळ आणि ठिकठिकाणी आले. चिंधी खायला लागली, दारावरची बेल वाजली की भुंकायलाही लागली. मास्तर तिला सकाळ-संध्याकाळ खाली नेत. मागच्या खोलीत मात्र दोघंही जात नव्हते. टेबलावर मी वाळलेले कपडे टाकायला लागले होते.

मला झोप लागत नसे असं काही नाही. पण लॅबमध्ये कुणी म्हातारं माणूस हात पुढे करून दुसरीकडे तोंड फिरवून बसलं, की मला ते फॉर्म वाचणारे मास्तर आठवायचे. बिघडलं म्हण, एवढंच त्यांनी मागितलं होतं. ते त्या कापणाऱ्याने म्हटलं नाही आणि मीही म्हटलं नाही.

शेवटी एका रविवारी मी टेबलावरचे कपडे उचलले. जुनी चादर अंथरली, पट्टी ठेवली, कपाट उघडून कात्री काढली. मास्तर खिडकीशी पेपर वाचत होते. मी कात्री त्यांच्यापुढे धरली, मूठ त्यांच्याकडे करून.

"बाबा, तुम्ही कापा. मनगट मी धरते. दिवसभर लोकांचे हातच तर धरते मी. हलू देणार नाही."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग कात्रीकडे. हातात घेतली आणि अंगठ्याने धार पाहिली. इतक्या महिन्यांत त्यांचा चेहरा असा उजळलेला मी पाहिला नव्हता. आम्ही मागच्या खोलीत गेलो. मी त्यांचं मनगट दोन्ही हातांनी धरलं. हात स्थिर राहिला, खरंच राहिला. त्यांनी हवेत दोनदा कात्री वाजवली. खच्च, खच्च.

स्वयंपाकघरातून नखांचा आवाज आला. मास्तर हसले. पण तो आवाज आमच्याकडे येत नव्हता. तो पुढच्या खोलीत गेला, मग काहीतरी घासत गेल्याचा आवाज आला आणि थांबला. मी जाऊन पाहिलं. चिंधी पलंगाखाली अगदी भिंतीला चिकटून बसली होती. फरशीवर स्वयंपाकघरापासून पलंगापर्यंत ओली रेघ होती.

मास्तर दारात येऊन उभे राहिले. त्यांनी ती रेघ पाहिली. मी खाली वाकून तिला हाका मारत राहिले, बिस्किट दाखवत राहिले. ती माझ्यामागे उभ्या असलेल्या मास्तरांच्या हातातली कात्री बघत होती.

"बाबा, माझ्या हातून बिघडलं," मी म्हणाले.

त्यांनी मान हलवली. मग कात्री मिटून मूठ माझ्याकडे करून पुढे धरली.

"ठेवून दे कपाटात," ते म्हणाले. "कापड असतं तर नवीन आणून दिलं असतं."