काकांच्या बाईसाहेब

शॉमबर्ग गावच्या काकांइतका यंत्रांवर जीव टाकणारा आणि यंत्रांनी इतका छळलेला दुसरा माणूस मी अख्ख्या अमेरिकेत पाहिला नाही. ऐंशीनंतरच्या त्या वर्षांत मी तिथे शिकायला गेलो आणि त्यांच्या तळघरात राहिलो. ऑफिसात काका मोठे इंजिनियर. घरी आले की टायसुद्धा न सोडता गॅरेजमध्ये शिरायचे. तिथे पहिल्या महायुद्धाच्या काळातली, हँडल मारून सुरू होणारी एक मोटार होती. तिला ते ‘बाईसाहेब’ म्हणत आणि अहोजाहो करत. दसऱ्याला झेंडूचा हार आधी बाईसाहेबांना, मग देवांना. इंजिन गारठू नये म्हणून काकूंनी लेकीसाठी शिवलेली गोधडी त्यांनी खुशाल बॉनेटवर पांघरली, तेव्हा काकू दोन दिवस बोलल्या नाहीत. काकांना ते तिसऱ्या दिवशी कळलं.

लेक लहानपणी त्यांच्या हाताखाली पाने-पकडी द्यायची. ‘बाबा, मी ग्रॅज्युएट झाले की यू विल पिक मी अप इन धिस, प्रॉमिस?’ असं तिने एकदा विचारलं होतं आणि काकांनी प्रॉमिस केलं होतं. ती पुढे शेजारच्या विस्कॉन्सिन राज्यात, मॅडिसनला शिकली. डिसेंबरात तिचा पदवीदान समारंभ आला, दुपारी दोनचा. काकू आदल्या दिवशीच बसने गेल्या. मी आणि काका पहाटे बाईसाहेबांतून निघालो.

पेट्रोल टाकीतून आपल्याच वजनाने इंजिनात उतरायचं, त्यामुळे मोठा चढ आला की ते पोचायचं नाही. मग टाकी इंजिनाच्या वर यावी म्हणून काका शांतपणे गाडी वळवून रिव्हर्समध्ये उलटी चढवत. विस्कॉन्सिनचे निम्मे चढ मी आलेल्या वाटेकडे तोंड करून चढलो. त्यातून रेडिएटर गळका. दर दहा मैलांना थांबायचं, आणि थांबलो की कुणीतरी भला माणूस मदतीला यायचा. ‘घरी आला असता तर तसाच पाठवला असता का रे?’ असं मला म्हणून काका रस्त्याच्या कडेला स्टोव्ह पेटवायचे. ‘नो, नो, यू मस्ट हॅव टी!’ सहा जणांचा चहा झाला आणि मॅडिसन वीस मैलांवर असताना बाईसाहेब वाफा सोडून बसल्या, तेव्हा लक्षात आलं की रेडिएटरसाठी आणलेलं पाणी चहात संपलंय. आजूबाजूला गुडघाभर बर्फ होता, पण तो वितळवायला स्टोव्हमध्ये रॉकेल उरलं नव्हतं.

एक वाजला होता. एक ट्रकवाला थांबला. मॅडिसनलाच चालला होता, पण त्याच्याकडे जागा एकाचीच होती. काकांनी घड्याळ पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. ‘तुम्ही जा, मी थांबतो गाडीपाशी,’ एवढंच मला म्हणायचं होतं. पण माझे पाय बधिर झाले होते आणि बाईसाहेबांचा मनापासून वैताग आला होता. मी बुटांकडे बघत राहिलो.

‘तूच जा बाबा,’ काका म्हणाले. ‘थंडी बाधेल तुला. आणि यांना एकटं कसं सोडायचं?’

मी गेलो. काकूंनी काकांसाठी धरून ठेवलेल्या खुर्चीत मीच बसलो. लेकीचं नाव पुकारलं गेलं. तिने स्टेजवरून आमच्याकडे पाहिलं, मी दिसलो, आणि ती माझ्या मागे कुणी उभं आहे का ते शोधू लागली.

काका पोचले ते दिवेलागणीला, कुठल्याशा शेतकऱ्याकडून पाणी घेऊन. पार्किंग लॉट रिकामा झाला होता. ‘यू मिस्ड इट, बाबा,’ ती म्हणाली. ‘हो गं,’ काका म्हणाले, आणि बॉनेटवरची गोधडी काढून त्यांनी तिच्या खांद्यावर घातली. मला ते कधीच काही बोलले नाहीत. उलट ‘बरं झालं, पोरगा आजारी पडला असता,’ असं सगळ्यांना सांगत राहिले.

काकांना जाऊन आता बरीच वर्षं झाली. रस्त्याच्या कडेला बंद गाडी दिसली की मी अजून थांबतो आणि कुणी न विचारताच म्हणतो, ‘तुम्ही पुढे व्हा, मी थांबतो गाडीपाशी.’ ज्यांना म्हणायचं होतं, त्यांना ते म्हणायचं राहून गेलं.