ते आभारपत्र माझं होतं

आमच्या जिल्ह्याच्या माजी खासदारांबद्दल इथली, आखातातल्या अल खफजीतली, मराठी माणसं एक गोष्ट हमखास सांगतात. आपल्यासाठी ते लोकसभेत प्रश्न विचारायला उभे राहिले आणि अर्थ मंत्रालयाने जरा डोळे वटारताच मुकाट खाली बसले. नव्याने आलेल्या कुटुंबांनाही हे महिन्याभरात कळतं. तीन वर्षं मी ही गोष्ट ऐकतो आहे. दोनदा तर माझ्याच घरी, माझ्याच बायकोच्या हातचे पोहे खात लोकांनी ती सांगितली आणि मी पोह्यांवर लिंबू पिळत बसून राहिलो.

ते खासदार भ्याले नव्हते. त्यांना खाली बसवलं ते मी.

मी इथे तेलाच्या कंपनीत सत्तावीस वर्षं नोकरी केली. आता मुलाच्या इकाम्यावर, म्हणजे त्याच्या निवास परवान्यावर, राहतो. नोकरीत असताना आणि नंतरही बरीच वर्षं मी मराठी मंडळाचा सचिव होतो. माझी एक शिस्त होती. पाहुणा परतीच्या विमानात बसण्याआधी मंडळाचं आभारपत्र त्याच्या हाती पडलंच पाहिजे. योगशिक्षक असोत, दातांचे डॉक्टर असोत, मजकूर एकच. तारीख आणि नाव तेवढं बदलायचं. शेवटच्या वाक्याचा मला फार अभिमान होता: ‘उपस्थित सर्वांच्या शंकांचे पूर्ण समाधान झाले, याबद्दल मंडळ ऋणी आहे.’ एका कीर्तनकारांनाही मी हेच लिहिलं होतं. त्यांनी ते फ्रेम करून घरी लावलं, असं कळलं.

इथल्या सरकारी इस्पितळात नाशिकची एक नर्स आहे. सगळे तिला सिस्टर म्हणतात, मीही. ती मला दादा म्हणते, माझ्या बायकोला वहिनी. नवरा गेल्यावर ती इथे आली. नाशकात तिची आई तिसऱ्या मजल्यावर राहायची. लिफ्ट नाही, गुडघे गेलेले. त्याच गल्लीत तळमजल्यावरचा एक फ्लॅट मिळत होता. मालक भला होता, पाडव्यापर्यंत थांबतो म्हणाला. सिस्टरचा बेत ठरला होता: फ्लॅट घ्यायचा, इथला करार संपला की परत जायचं, आणि आईला रोज संध्याकाळी गल्लीच्या टोकापर्यंत फिरवून आणायचं.

अडलं होतं पॅन कार्डापाशी. परदेशी राहणाऱ्यांनी कर खात्याला तसं कळवायचं होतं. तिने कळवलं, तरी तिचं कार्ड बंद पडलं, आणि बंद कार्डावर खरेदीखत होईना. ईमेल केला की एकच उत्तर यायचं, समक्ष या. इस्पितळ रजा देत नव्हतं.

तेवढ्यात जुबैलला सरकारी खर्चाने कर खात्याचं शिबिर भरणार असल्याचं कळलं. शुक्रवारी पहाटे मी गाडी काढली. मागे बायको आणि सिस्टर, दोघींच्या मध्ये धपाट्यांचा डबा. अडीच तासांचा रस्ता. शाळेच्या सभागृहात दिल्लीहून आलेले दोन अधिकारी बसले होते आणि रांग दाराबाहेर गेली होती. सिस्टरचा नंबर दुपारी लागला. अधिकाऱ्याने झेरॉक्स ठेवून घेतली, म्हणाला, “हो जाएगा, मैडम.”

“कब तक?”

“हो जाएगा ना.”

आम्ही निघताना त्याने मला बाजूला घेतलं. “आप सेक्रेटरी हैं ना? दो लाइन लिख दीजिए. फाइल में लगती हैं.”

मला त्याने सांगायची गरजच नव्हती. घरी आल्यावर बूटही न काढता मी संगणकापुढे बसलो. बायको म्हणाली, “अहो, तिचं काम झालंय का अजून? कसले आभार मानताय?”

“आभार आदरातिथ्याचा भाग असतात,” मी म्हणालो. पाहुणे ते होते की आम्ही, हेही माझ्या डोक्यात आलं नाही. सही केली, शिक्का मारला, पाठवून दिलं.

पुढे दोन महिने काही हललं नाही. कार्ड बंदच. शिबिराला आलेल्या आणखी काही लोकांचीही तीच गत. तेव्हा मीच पुढाकार घेऊन खासदारांना लिहिलं. सिस्टरचे कागद जोडले. त्यांचा स्वतःचा फोन आला. “काका, मी मंत्रालयाला विचारतो. शिबिरांवर जनतेचा पैसा किती गेला, आणि कामं किती झाली. पण उद्या तिकडून कुणी उलटं बोलणार नाही ना?”

“अजिबात नाही,” मी म्हणालो. शपथेवर सांगतो, त्या क्षणी आभारपत्र माझ्या ध्यानातही नव्हतं. आयुष्यभर इतकी लिहिली होती की ती मी लिहितो हेच मला जाणवेनासं झालं होतं.

प्रश्न पुकारला जायचा त्या सकाळी आमच्या घरी दहा-बारा जण जमले. दिल्लीत अकरा, इथे साडेआठ. सिस्टर ड्यूटीवरून थेट आली होती, अंगावर युनिफॉर्म तसाच. टीव्हीवर खासदार उभे राहिले आणि मुद्देसूद बोलले. शेवटी म्हणाले, एक नर्स तळमजल्यावरच्या घरासाठी थांबली आहे. सिस्टरने माझ्या बायकोचा हात धरला.

मंत्री उठले. तिथल्या आपल्याच लोकांच्या संस्थेने लेखी कळवलंय, म्हणाले, की सर्वांच्या शंकांचं पूर्ण समाधान झालं. सबब पुढचा प्रश्न उद्भवत नाही. सन्माननीय सदस्यांनी हवं तर पत्र पाहावं. शिपायाने कागद नेऊन दिला. खासदारांनी चष्मा लावला, कागद वाचला, घडी घातली आणि ते खाली बसले.

मग एकजण म्हणाला, “कुठली संस्था ही?”

“जुबैलवाले असणार. फोटोसाठी काहीही लिहून देतील.”

“आणि आपले साहेब बघा. चष्मा लावला नि खलास.”

सिस्टर माझ्याकडे वळली. “दादा, कोणी लिहिलं असेल हो?”

“बनावट असेल,” मी म्हणालो. बायको उठून स्वयंपाकघरात गेली.

दुपारी खासदारांचा फोन आला. मी उचलला नाही. मग मेसेज आला. तो मी अजून ठेवला आहे: ‘काका, सही तुमची आहे. सभागृहात तुम्हाला खोटं पाडण्याआधी तुम्हाला विचारावं म्हणून बसलो. पत्रातलं खरं नाही एवढंच लिहून द्या. अधिवेशन चालू आहे, मी पुन्हा विषय काढतो.’

एक ओळ लिहायची होती. मी लिहिली नाही. लोकांना कळलं असतं तर मंडळात तोंड दाखवायला जागा राहिली नसती, एवढाच विचार मी केला. गणपतीला त्यांना बोलावलं होतं, ते निमंत्रण मंडळाने मागे घेतलं. त्या पत्रावरही सही माझीच.

पाडवा उलटला. फ्लॅट दुसऱ्याने घेतला. सिस्टरने करार आणखी दोन वर्षांसाठी वाढवला. नंतर एका रजेत तिने समक्ष जाऊन कार्ड चालू करून घेतलं, पण तोवर त्या गल्लीतली घरं तिच्या आवाक्याबाहेर गेली होती. आई आता अंथरुणावर आहे, अजून तिसऱ्याच मजल्यावर.

गेल्या महिन्यात सिस्टर घरी आली होती. बोलता बोलता म्हणाली, “त्या खासदाराला मी अजून माफ केलं नाही, दादा. माझं घर सांगितलं आणि बसला.” तेव्हा मी सगळं सांगितलं. मेसेजही दाखवला. तिने तो दोनदा वाचला.

“तीन वर्षं,” ती म्हणाली. “मी तुमच्याच घरी जेवून त्या माणसाला शिव्या देत होते. तुम्ही वाढत होतात.”

मी म्हणालो, “चुकलो.”

“पत्र लिहिलंत ते चुकलात. सवय होती तुमची, समजू शकते. नंतर काय झालं होतं?”

वहिनीला बरं वाटत नव्हतं म्हणून आले होते, ती म्हणाली, आणि चप्पल घालून निघून गेली.

त्याच संध्याकाळी मी माजी खासदारांना फोन केला. त्यांनी ऐकून घेतलं. रागावले नाहीत, हे जास्त लागलं. “मला माहीत होतंच, काका,” म्हणाले. “मला सांगून काय उपयोग? ज्यांना खोटं सांगितलंत, त्यांना सांगा.”

म्हणून हे मंडळाच्या अंकासाठी लिहिलं आहे. संपादकांनी एक शब्दही गाळू नये, ही विनंती. सिस्टर घरी येत नाही आता. बायको आठवड्यातून एकदा तिच्या क्वार्टरवर जाते, भाजी-भाकरी घेऊन. मी गाडी चालवतो आणि खालीच बसून राहतो. वर या, असा निरोप अजून आलेला नाही.